प्रोव्हान्समधील वाईनरी : आठ दिवस, चौदा भेटी आणि एकच चालक, सल्ला हवा आहे

अनघा_प :
नमस्कार मंडळी. येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे यजमान, नणंद आणि तिचे यजमान, दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्सला आठ दिवस जाण्याचे ठरवत आहोत. वाईनबद्दलचे आमचे ज्ञान नाशिकच्या दोन फेऱ्यांपुरते आहे, परंतु हौस दांडगी आहे. नणंद वाईन घेत नाही आणि पूर्ण शाकाहारी आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आराखडा असा : पॅरिसला उतरून आगगाडीने आव्हिन्यों गाठायचे, सगळ्या रात्री तिथेच मुक्काम करायचा आणि भाड्याची मोटार घेऊन रोज वेगळ्या दिशेला जायचे. पहिल्या दोन दिवसांत शातोनफ-द्यु-पाप, ताव्हेल, जिगोंदास आणि वाकेरास. एक दिवस समुद्रकाठची बांदोल आणि कासी. एक दिवस एक्स शहर. उरलेल्या दिवसांत ल्युबेरोंच्या डोंगरातील गावे. नकाशावर खुणा करता करता चौदा वाईनरी झाल्या आहेत. हे जमण्यासारखे आहे का? गाडी माझे यजमान चालवतील आणि ही सहल मुळात त्यांच्याच पन्नाशीनिमित्त आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सह्यभटक्या :
ज्यांची पन्नाशी साजरी करायची, त्यांनाच चौदा वाईनरींच्या दारात सुकाणू धरून बसवणार? यजमानांनी हा धागा वाचला आहे का?

मार्सेयकर :
मी अकरा वर्षांपासून मार्सेयमध्ये राहतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

चौदा हा आकडा आजच खोडून टाकावा. लहान वाईनरीत मालक किंवा घरातलेच कुणीतरी स्वतः वाईन ओतून देते, मळ्यात नेते, पिंपे ठेवलेल्या तळघरात नेते, आणि पाच-सहा वाईन चाखून होईपर्यंत दीड तास सहज जातो. सकाळी एक आणि दुपारी एक, याहून अधिक भेटी ठरवू नयेत. तिसऱ्या ठिकाणी जीभ बधिर झालेली असते आणि चौथ्या ठिकाणी सगळ्याच वाईन उत्तम लागतात.

दुपारी बारा ते दोन या वेळेत बहुतेक लहान वाईनरी बंद असतात आणि रविवारचा भरवसा धरता येत नाही. पहिल्याच वर्षी मी बारा वाजून पाच मिनिटांनी एका फाटकापाशी पोहोचलो होतो. आतून काटे-चमच्यांचा आवाज येत होता, कुत्रा येऊन मला न्याहाळून परत गेला, माणूस मात्र अडीच वाजेपर्यंत आला नाही. भेटीची वेळ ई-मेलने आधी ठरवून घ्यावी आणि येणाऱ्यांची संख्या कळवावी. साध्या फ्रेंचमध्ये दोन ओळी लिहिल्या तरी उत्तर लवकर येते, असा माझा अनुभव आहे.

आव्हिन्योंहून बांदोल सुमारे दीडशे किलोमीटर आहे. पुण्याहून नाशिकला जाऊन वाईन चाखायची आणि रात्री जेवायला घरी परतायचे, त्याच जातीचा हा बेत आहे. मुक्काम दोन करावेत : चार रात्री आव्हिन्यों किंवा त्याच्या आसपासच्या एखाद्या गावात आणि चार रात्री समुद्राच्या बाजूला.

आणखी एक गोष्ट. शातोनफ, जिगोंदास, वाकेरास आणि ताव्हेल ही गावे वाईनच्या हिशेबाने प्रोव्हान्समध्ये मोडत नाहीत. ती दक्षिण रोनमध्ये येतात. हवा तीच, ऊन तेच, बोलण्याची ढबही जवळपास तीच, पण बाटलीतला माल वेगळा. रोनच्या बाजूला ग्रनाश द्राक्षाची दणकट लाल वाईन, तर खुद्द प्रोव्हान्समध्ये दहापैकी सुमारे नऊ बाटल्या फिकट गुलाबी रोझेच्या. दोन मुक्काम केले की हा फरक आपोआप कळेल.

गोडबोल्या :
कासी या नावात शेवटचा ‘स’ उच्चारत नाहीत, असे ऐकले आहे. म्हणजे लिहायचे ‘कासिस’ आणि म्हणायचे ‘कासी’. नणंदबाईंना घरी सांगून टाका की तुम्हाला काशीयात्रा घडवत आहोत.

मार्सेयकर :
गोडबोल्या, खरेच ‘कासी’च म्हणतात. ही काशी मात्र पांढऱ्या वाईनची आहे. 1936 मध्ये फ्रान्समध्ये ज्या पहिल्या काही प्रदेशांना नियमबद्ध नामांकन, म्हणजे ठरलेले नियम पाळून प्रदेशाचे नाव बाटलीवर लावण्याचा हक्क मिळाला, त्यांत कासी होते. शातोनफ आणि ताव्हेलही त्याच वर्षीचे. उंच चुनखडीच्या कड्याखाली समुद्रापर्यंत उतरत गेलेले मळे बंदरावरून दिसतात. आगगाडीचे स्थानक मात्र गावापासून तीन-एक किलोमीटर वर आहे, हे लक्षात असू द्यावे.

चार्वाक_सातारा :
एवढा खर्च करून द्राक्षेच पाहायची असतील, तर नाशिकला तिसरी फेरी करावी. वाईन तीही आंबवलेल्या रसाचीच असते.

निफाडकर :
चार्वाकराव, मी स्वतः द्राक्ष बागायतदार आहे आणि नाशिकची बाजू घ्यायला मला कुणी सांगावे लागत नाही, तरीही तुमचे म्हणणे मान्य नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही काही बागायतदार त्या भागात गेलो होतो. शातोनफच्या मळ्यात पाय ठेवल्यावर पहिली दहा मिनिटे आमच्यापैकी कुणी बोललेच नाही, कारण आम्हाला बाग सापडत नव्हती. मांडव नाही, तारा नाहीत, ठिबकच्या नळ्या नाहीत. गुडघ्याएवढी बुटकी, वेडीवाकडी खोडे, एकेकटी उभी, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर बोटे पसरल्यासारख्या चार-पाच आखूड फांद्या. आपल्याकडे असे झाड दिसले तर बाग मोडायला काढली आहे असे समजतील. तिथली ती वेल साठ-सत्तर वर्षांची होती आणि मालक तिच्या खोडावर हात ठेवून बोलत होता.

जमीन तर दिसतच नव्हती. नारळाएवढे गुळगुळीत गोटे, एकावर एक. दिवसभर तापलेले गोटे रात्री ऊब देतात, असे प्रत्येक जण सांगतो. मी विचारले की एवढे ऊन असलेल्या मुलखात रात्रीची ऊब हवी कशाला? तेव्हा मालकाने पायाने चार गोटे बाजूला सारले. खाली तांबडी चिकणमाती होती, आणि सप्टेंबरातही हाताला ओलसर लागत होती. त्याच्या मते गोट्यांचे खरे काम पाणी उडू न देण्याचे आहे. आपण उसाचे पाचट पसरतो, तिथे नदीने दगड पसरून ठेवले आहेत. नाशिकला राहून मला हे कळले नसते.

अनघा_प :
निफाडकर, तुमचा प्रतिसाद यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला. एक शंका आहे : तिथे वर्षातून एकच छाटणी असते का? आणि सप्टेंबरमध्ये काढणी चालू असताना आपण मध्येच जाऊन अडचण तर होणार नाही?

निफाडकर :
एकच, हिवाळ्यात. तिथे थंडीत वेल आपोआप झोपी जाते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन कराव्या लागतात. मी हे सांगितले तेव्हा तिथल्या म्हाताऱ्याने दुभाष्याकडून दोनदा खात्री करून घेतली आणि मग म्हणाला की तुमच्या वेलींना सुट्टीच नाही.

रोगांची तर मला असूयाच वाटली. मिस्त्राल नावाचा कोरडा वारा उत्तरेकडून रोनच्या खोऱ्यातून सुटतो. टोपी राहत नाही इतका जोरात. पाऊस पडून गेला की हा वारा पाने सुकवून टाकतो, त्यामुळे केवडा आणि भुरी यांचा ताप आपल्या मानाने कमी. आपण पावसाळी ढग दिसला की रात्री बारा वाजता फवारणीला निघतो. त्या मानाने पाण्याचा त्रास त्यांना जास्त. नामांकित मळ्यांत पाणी देण्यावर कडक बंधने आहेत.

एक जोडणी मात्र आपली आणि त्यांची सारखी आहे. 1863 च्या सुमारास रोनच्या पलीकडच्या काठावर, आव्हिन्योंपासून अगदी जवळ, मुळे खाणारी फायलॉक्सेरा ही कीड फ्रान्समध्ये पहिल्यांदा दिसली आणि पुढे तिने अर्धा युरोप उजाड केला. उपाय निघाला तो अमेरिकन वेलीच्या खुंटावर कलम करण्याचा. आज आपण डॉगरिजवर कलम भरतो, तोही मूळचा अमेरिकन खुंट; कारण वेगळे, आपल्याला खारे पाणी आणि टंचाई सोसणारी मुळे हवी असतात. मी मळ्यात वाकून कलमाचा सांधा शोधला, तेव्हा मालक पहिल्यांदा मनापासून हसला. त्यानंतर त्याने जी बाटली उघडली, ती किंमतपत्रकात नव्हती.

मार्सेयकर :
काढणीबद्दल : ती साधारण ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन सप्टेंबरभर चालते. शातोनफ आणि बांदोल येथे यंत्राने काढणी करण्यास मनाईच आहे, त्यामुळे मळ्यात माणसे दिसतील. लहान मालक त्या दिवसांत खरोखर दमलेले असतात. ई-मेलला नकार आला तर वाईट वाटून घेऊ नये, आणि होकार आला तर वेळेच्या पाच मिनिटे आधी पोहोचावे. सप्टेंबरच्या अखेरीस कधी कधी मुसळधार पाऊस होतो, म्हणून शक्य असल्यास पहिला पंधरवडा गाठावा. जुलैमध्ये आव्हिन्योंत मोठा नाट्यमहोत्सव असतो, 1947 पासूनची परंपरा आहे. तेव्हा खोल्या मिळत नाहीत. तुम्ही निवडलेला महिना योग्य आहे.

शाकंभरी :
नणंदबाईंच्या जेवणाबद्दल कुणीच लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. मी शाकाहारी आहे आणि तिथे दोनदा जाऊन जिवंत परत आले आहे.

सर्वांत मोठा सापळा म्हणजे तापनाद. काळ्या ऑलिव्हची चटणी, पावावर लावून चाखणीच्या टेबलावर ठेवलेली असते, दिसायला निरागस; तिच्यात वाटलेले अँचोव्ही मासे असतात. कांदा पसरून भाजलेल्या पावावर, म्हणजे पिसालादिएरवरही तेच मासे, निस्वाज सॅलडमध्येही तेच. मी पहिल्या दिवशी ती चटणी दोन वेळा मागून खाल्ली आणि नंतर यादी वाचली. त्यानंतरची संध्याकाळ मी हॉटेलच्या खोलीत मौनात काढली.

आता चांगली बातमी. मार्सेयच्या बाजूला पानिस नावाचा पदार्थ मिळतो. हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून घोटायचे, थापून गार करायचे, कापायचे आणि तळायचे. म्हणजे पाटवडी! फक्त फोडणी, खोबरे आणि कोथिंबीर विसरलेली. नीसकडे सोका मिळते, ते हरभऱ्याच्या पिठाचे भले मोठे धिरडे, लाकडाच्या भट्टीत भाजलेले, वर मिरपूड. शिवाय रातातुई ही वांगी-टोमॅटोची मिश्र भाजी, बकरीच्या दुधाचे चीज आणि टोमॅटो. सप्टेंबरातले तिथले टोमॅटो मीठ लावून नुसते खावेत. सोबत शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ठेवावी, पानिस एकदम घरचे होते.

चार्वाक_सातारा :
सहा हजारांहून अधिक किलोमीटर जाऊन पाटवडी खायची. माझे आधीचे विधान मी मागे घेत नाही.

फिरस्ती :
एक बाळबोध प्रश्न. चाखणीच्या टेबलावर वाईन थुंकण्यासाठी भांडे ठेवतात असे ऐकले आहे. मळ्याच्या मालकासमोर त्याची वाईन थुंकणे हा अपमान नाही का? माझ्याने तरी होणार नाही.

मार्सेयकर :
मुळीच नाही. उलट थुंकणारा पाहुणा गंभीरपणे चाखतो आहे असे समजतात. स्वतः मालकही थुंकतो. वाईन तोंडात घोळवावी, नाकाने वास घ्यावा आणि भांड्यात सोडावी. शातोनफची लाल वाईन चौदा-पंधरा टक्क्यांची असते, सहा घोट पोटात गेले तर दुपारची भेट विसरावी लागते.

गोडबोल्या :
आयुष्यभर ‘येथे थुंकू नये’ या पाट्या वाचत मोठे झालेल्या पिढीकडून ही अपेक्षा जरा जास्तच आहे. सराव कुठे करावा?

सह्यभटक्या :
स्वयंपाकघराच्या मोरीत पाण्याचा सराव करावा. विनोद नव्हे, मी तिथे पहिल्या प्रयत्नात स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्यावर सिरा द्राक्षाची नक्षी काढून घेतली होती. बारीक धार साधली नाही तर भांड्यातून परत उडते. गडद कपडे घालून जावे.

मोटारीबद्दलही एक सांगतो. पेट्रोल पंपावर ‘गाझोल’ अशी पाटी पाहून मी ते गॅसोलीन म्हणजे पेट्रोल समजलो आणि नळी भाड्याच्या पेट्रोल गाडीत घालायला गेलो. ती जाड असल्यामुळे आत जाईना, मी जोर लावत होतो, तेवढ्यात शेजारच्या गाडीतील आजोबा दोन्ही हात हलवत धावत आले. गाझोल म्हणजे डिझेल. पेट्रोल हवे असेल तर ‘सां प्लों’ अशी पाटी शोधावी, म्हणजे शिसे नसलेले. शिवाय गाडी ताब्यात घेताना अनामत रक्कम रोखून ठेवण्यासाठी चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड मागतात. माझ्या मित्राला पत्नीचे कार्ड चालवता आले नाही आणि अर्धा दिवस खिडकीशी गेला.

फिरस्ती :
रोझे म्हणजे लाल आणि पांढरी वाईन एकत्र मिसळून करतात ना? मग त्याचे एवढे कौतुक का?

मार्सेयकर :
हे वाक्य प्रोव्हान्समध्ये मोठ्याने उच्चारू नये. 2009 मध्ये युरोपीय संघाने तशी मिसळ करण्याला परवानगी देण्याचा प्रस्ताव आणला होता. इथल्या उत्पादकांनी एवढा गहजब केला की काही महिन्यांतच तो मागे घ्यावा लागला. शँपेनच्या रोझेला मात्र ती मुभा पूर्वीपासून आहे.

रोझे काळ्या द्राक्षांपासूनच करतात. रंग सालीत असतो, रसात नसतो. द्राक्षे लगेच दाबून रस वेगळा केला किंवा सालींबरोबर अगदी थोडे तास ठेवला, तर रस जेमतेम गुलाबी होतो. साल जास्त वेळ राहिली की रंग आणि कडवटपणा दोन्ही वाढतात. त्यासाठी द्राक्षे थंड असलेली बरी, म्हणून अनेक मळ्यांत रात्री किंवा पहाटे काढणी करतात. ताव्हेल मात्र वेगळे गाव आहे : तिथल्या नामांकनात फक्त रोझेच करता येते, पण ती डाळिंबाच्या दाण्यासारखी गडद असते आणि जेवणासोबत उभी राहते. ताव्हेल आव्हिन्योंहून अर्ध्या तासाच्या आत येते. पहिल्या मुक्कामात ताव्हेल आणि दुसऱ्या मुक्कामात किनाऱ्याकडची फिकट रोझे, अशी तुलना जरूर करावी.

बांदोललाही केवळ समुद्रासाठी जाऊ नये. तिथल्या लाल वाईनमध्ये किमान निम्मे मूर्व्हेद्र द्राक्ष असावे लागते आणि ती किमान अठरा महिने लाकडात ठेवावी लागते. तरुण असताना ती हट्टी, तोंड आवळणारी असते. दहा वर्षांची बाटली कुणी उघडली, तर त्या दिवशी थुंकू नये.

निफाडकर :
आम्हीही वाईनची द्राक्षे पहाटे तीनला डोक्यावर बॅटरी बांधून काढतो. कारण तेच.

गोडबोल्या :
शातोनफच्या नगरपालिकेने 1954 मध्ये उडत्या तबकड्यांना गावाच्या हद्दीत उतरण्यास मनाई करणारा आदेश काढला होता, उतरल्यास जप्तीची तरतूदही होती, आणि तो आजतागायत रद्द केलेला नाही. कृपया गाडी दिलेल्या जागेतच उभी करावी.

चार्वाक_सातारा :
या एका माहितीसाठी मी हा धागा वाचनखुणांत साठवत आहे.

शाकंभरी :
मूळ प्रश्न तसाच राहिला आहे. गाडी कोण चालवणार? फ्रान्समध्ये मद्याची मर्यादा लिटरभर रक्तात अर्धा ग्रॅम आहे, आपल्याकडच्या 0.3 पेक्षा सैल, पण सहा घोट गिळणाऱ्याने त्या फरकावर विसंबू नये.

मार्सेयकर :
दोन मार्ग सुचवतो. शातोनफच्या दिवशी आव्हिन्योंहून चालकासह लहान गाडी ठरवावी. अंतर अठरा-एक किलोमीटर आहे आणि खर्च चौघांत विभागला जातो. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो, तो म्हणजे पोरकरोल बेट. इयेर शहराच्या दक्षिणेला जियेंच्या भूशिरावरून बोटीने पाव तासात पोहोचता. पर्यटकांना तिथे मोटार नेताच येत नाही. चालायचे किंवा सायकल घ्यायची. बेटावर द्राक्षमळे लावले ते मुळात जंगलातील वणवा अडवण्यासाठी. पाइनच्या रानात उघड्या पट्ट्या हव्यात म्हणून. आता त्या पट्ट्यांची वाईन बेटावरच चाखता येते, आणि परतीची बोट दुसरे कुणीतरी चालवत असते.

सह्यभटक्या :
अनघाताई, एक विचारू का? नणंदबाई वाईन घेत नाहीत असे तुम्ही पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. त्यांना गाडी येते का?

शाकंभरी :
अरे हो.

निफाडकर :
एवढ्या चर्चेत हे कुणालाच कसे सुचले नाही?

अनघा_प :
सर्वांचे आभार मानायला उशीर झाला, कारण दोन दिवस घरात याच प्रश्नावर बैठका चालू होत्या. नणंद वीस वर्षे पुण्यात गाडी चालवते आहे, कोथरूड ते हडपसर, रोज. तिला विचारायचे आमच्यापैकी कुणालाच सुचले नव्हते. विचारल्यावर ती म्हणाली की चौदा वाईनरींच्या अंगणात मी काय करणार, हे तुम्ही मला तरी कुठे विचारले होते? ते खरेच आहे.

आता तिच्या अटी. दिवसाला दोनच वाईनरी, त्यातील एकीत मळ्यात चालायला मिळाले पाहिजे, कारण निफाडकरांनी लिहिलेले गोटे तिला स्वतः उचलून पाहायचे आहेत. एक दिवस आर्ल आणि सें-रेमीसाठी, कारण व्हॅन गॉगने 1888 मध्ये आर्लच्या बाहेर पाहिलेला लाल झालेला द्राक्षमळा चित्रात उतरवला होता आणि तिने त्या चित्राची छापील प्रत कॉलेजपासून भिंतीवर लावली आहे. पोरकरोलच्या दिवशी तिला गाडी चालवायची नाही. आव्हिन्योंत चार आणि बांदोलजवळ चार रात्री, असे दोन मुक्काम ठरले आहेत. एकूण भेटी नऊ. आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी ती सोमवारी आरटीओत जात आहे आणि क्रेडिट कार्डही तिच्याच नावाचे असेल.

एकच प्रश्न उरला आहे : परत येताना बाटल्या किती आणता येतात?

सह्यभटक्या :
भारतीय सीमाशुल्काच्या नियमानुसार माणशी दोन लिटर. म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या आणि एक अर्धी. चेक-इनच्या सामानात, जाड कपड्यांत गुंडाळून. मी तर दोन बाटल्या आजीच्या गोधडीत आणल्या होत्या. नणंदबाई घेत नसल्या तरी त्यांचे दोन लिटर त्यांच्या नावावर आहेत, हे विसरू नका.

अनघा_प :
ते तिला कळले आहे. माझ्या यजमानांनी आत्ताच फोन करून त्या दोन लिटरची मागणी नोंदवली. विचार करून सांगते, असे ती म्हणाली.